चार भोकं आणि रविवार

रविवारी सकाळी रोहिणीने हाक मारली, "आप्पा, चहा झालाय!" पण वडील घरात नव्हते. बाल्कनीत नव्हते, बाथरूममध्ये नव्हते, दारातल्या चपलाही नव्हत्या. सुदामरावांना जर्मनीत, एर्लांगेनला येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि जर्मनमधला त्यांना येणारा एकच शब्द होता, 'डांके', म्हणजे धन्यवाद.

यशपाल सासऱ्यांना शोधायला जिना उतरून धावला, तर खालच्या मजल्यावर फ्राऊ लोहम्युलरचं दार उघडं. आत स्वयंपाकघराच्या टेबलाशी सुदामराव चष्मा कपाळावर चढवून बसलेले, समोर सत्तरीच्या फ्राऊ लोहम्युलर, आणि दोघांच्या मधे कागदी रुमालावर मांडलेले बॅटरीवरच्या वाफेच्या सिगरेटचे सात तुकडे.

"मामा! हे काय केलंत?"

"उघडून बघितलं. बाई सकाळधरनं हे कठड्यावर आपटत होत्या. मी वरनं खूण केली, त्यांनी बोलावलं."

फ्राऊ लोहम्युलरनी यशपालला सगळं जर्मनमध्ये सांगितलं. सिगरेट सोडून आज एकोणीस दिवस झाले. वाफेच्या सिगरेटमधला पातळ रस घशाला खवखवतो, म्हणून दुकानदाराने हा घट्ट दिला. पण हा टाकीतून आतल्या कापसापर्यंत पोचतच नाही. कापूस कोरडाच जळतो आणि तोंडात टायर पेटवल्यासारखी चव येते.

"दुकान उद्या उघडेल. मी स्वतः घेऊन जातो," यशपाल म्हणाला.

"उद्या?" फ्राऊ लोहम्युलरनी टेबलाचा खण ओढला. आत सिगरेटचं न फोडलेलं पाकीट होतं. "उद्यापर्यंत हे असं राहणार नाही."

सुदामरावांनी रसाची बाटली तिरकी करून पाहिली. रस सावकाश, आळस देत कडेला आला. त्यांचा चेहरा उजळला. "मळी! जावईबापू, ही तर आमच्या कारखान्यातली मळी! थंडीत नळातनं हलायची न्हाई. मग आम्ही तिला ऊब द्यायचो."

चौतीस वर्षं त्यांनी साखर कारखान्यात रस आटवायच्या पॅनवर काढली होती. त्यांनी लगेच वाटीत गरम पाणी मागितलं, बाटली त्यात उभी केली आणि तुकडे जोडून कोमट रस टाकीत भरला. पहिले दोन झुरके झकास गेले. तिसऱ्याला रस पुन्हा थंड झाला, कापूस जळला आणि फ्राऊ लोहम्युलर खोकत खिडकीकडे पळाल्या.

"मग जरा पातळ करू," म्हणत सुदामरावांनी टाकीतल्या रसात पाणी घातलं. ते जरा जास्तच पडलं. टाकी बुडातून गळू लागली आणि भरतकाम केलेल्या टेबलक्लॉथवर तेलकट डाग पसरला. तरी बाईंनी धीराने झुरका घेतला, तेव्हा एक गरम थेंब उडून त्यांच्या ओठावर बसला.

खणातलं पाकीट काढून बाईंनी त्याचा वरचा प्लॅस्टिकचा कागद सोलला.

सुदामरावांनी चष्मा हातात घेतला आणि त्याचं भिंग करून आतला कापूस ज्यात बसतो ती धातूची नळकांडी निरखली. तिला टाचणीच्या टोकाएवढी चार भोकं होती.

"दुखणं रसाचं न्हाई, वाटंचं हाय! एवढ्याशा भोकातनं मळी जाईल व्हय? ड्रिल हाय का घरात?"

"मामा, आज रविवार! इथे रविवारी ड्रिल चालवत नाहीत. शांततेचा नियम आहे."

आधाराला म्हणून त्याने फ्राऊ लोहम्युलरकडे पाहिलं, कारण इमारतीत तो नियम सांभाळायच्या त्याच. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे हेर ब्रांडल रविवारी रिकाम्या बाटल्या टाकायला निघाले, तर यांनी त्यांना फाटकातून परत पाठवलं होतं. आता मात्र बाईंनी एकदा घड्याळाकडे, एकदा पाकिटाकडे पाहिलं.

"किती वेळ लागेल?"

"एका भोकाला दहा सेकंद," यशपालने मामांचं उत्तर सांगितलं.

"आल्झो, मग आणा ड्रिल."

यशपालने वरून ड्रिल आणलं. जळका कापूस उपसून सुदामरावांनी नळकांडी पकडीत धरली. पहिल्या भोकाला कुत्रा भुंकला. दुसऱ्याला दाराची घंटा वाजली. दारात लोकरी सपाता घातलेले हेर ब्रांडल उभे.

"फ्राऊ लोहम्युलर! आज रविवार आहे!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "अजून दोन राहिलीत." आणि दार लावून घेतलं.

चारही भोकं मोठी झाली. कीस धुऊन सुदामरावांनी नवा कापूस सैलसर भरला, बिनपाण्याचा रस ओतला आणि बाईंपुढे पंजा धरला. "थांबा. भिजू द्या." दहा मिनिटं फ्राऊ लोहम्युलर शाळकरी मुलीसारख्या बसून राहिल्या. मग त्यांनी झुरका घेतला. एवढा मोठा ढग उठला की त्यात बाई दिसेनाशा झाल्या. आतून फक्त हसू ऐकू आलं, आणि ढगातून एक हात बाहेर आला. हातात पाकीट होतं. यशपालने ते कचऱ्यात टाकलं.

सोमवारी संध्याकाळी फ्राऊ लोहम्युलर लिफाफा घेऊन वर आल्या. घरमालक कंपनीला लिहिलेलं पत्र होतं. रविवारी अकरा चाळीस ते अकरा त्रेचाळीस, ड्रिलचा आवाज. कोणाच्या घरात? माझ्या. तक्रार कोणाची? माझी.

"पण तुमच्याविरुद्ध कोणीच तक्रार केली नाही!" यशपाल म्हणाला.

"ब्रांडल मला घाबरतो. मग कोण करणार?" त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे ड्रिल चालवणाऱ्याचं नाव होतं आणि त्याची सही हवी होती.

"मामा, ही तक्रार आहे. तुमचंही नाव आहे त्यात. तुम्ही सही केली नाहीत तरी चालेल, मी बघतो काय ते."

सुदामरावांनी चष्मा लावून इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवली. नावापुढच्या शब्दावर ते अडकले. "टेक्निकर? म्हंजे टेक्निशियनच न्हवं?"

"हो. पण मामा—"

"चौतीस वर्सं काम पॅनमनचं केलं. कागदावर शेवटपर्यंत हेल्पर लिवलं." ते उठून आत गेले आणि पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. ठळक मराठीत त्यांनी पूर्ण नावाची सही केली. फ्राऊ लोहम्युलरनी गंभीरपणे हात मिळवला.

"डांके," सुदामराव म्हणाले आणि जावयाकडे वळले. "याच्या दोन झेराक्स काढा. एक फ्रेम करू, दुसरी कारखान्याला पाठवू."