सवतीचं स्पेलिंग

माझ्या सवतीचं स्पेलिंग मला तोंडपाठ आहे. एन, ई, एस, एच. नेश. इंग्रजीत मोजून चार अक्षरं, पण आमच्या घरात ती माझ्याएवढीच जागा अडवून बसते.

आमचे हे नवेगाव बांधच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. सगळं गाव त्यांना रामटेके सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. मी अंगणवाडीत आहे, माझं इंग्रजी एबीसीडीच्या गाण्यापाशी संपतं. तरी हा एक शब्द माझ्याइतका सरांच्या हेडमास्तरांनाही कळत नसेल. तो मी इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही सांगेन.

नेश म्हणजे ज्याला थंडी सोसत नाही असा. मुळात अर्थ होता मऊ, कोवळा. हजार वर्षांपूर्वी त्याच्या सुरुवातीला आणखी एक एच होता, तो पुढे गळाला. सर हे सांगताना हवेत बोटानं एच काढतात आणि पुसतात. शब्द पुस्तकातला नाही, विलायतेच्या मधल्या भागातल्या कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या माणसांच्या बोलण्यातला आहे. "म्हंजे तिकडची झाडीबोली समज," सर म्हणतात, आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "लंडनवाल्याले मालूम नाही!" लंडनवाल्याला मालूम नाही यात सरांना एवढा आनंद का होतो, ते मला अजून कळलेलं नाही.

हा शब्द सरांना दिला एका इंग्रज बाईनं. माझं दुखणं ते आहे.

नव्याण्णव सालचा हिवाळा. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सौंदडला. इकडे तलावावर पक्षी बघायला ही बाई आली. जंगलातल्या गाइडला इंग्रजी जमेना, म्हणून तो सरांना घेऊन गेला. चार दिवस सर तिच्यासोबत तलावाच्या बांधावर. पाचव्या दिवशी पोरीला बघायला सौंदडला आले. पोरीला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, "एक शब्द भेटला."

पोरगी कोणावर गेली, मी जेवते की नाही, काही नाही. एक शब्द भेटला!

"कोनं देला?" मी विचारलं.

"एका बाईनं."

मी भिंतीकडे तोंड करून झोपले. मग सरांनी दुपारभर तो शब्द माझ्या बाबांना समजावला.

पुढे एकदा भाजी चिरता चिरता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कशी होती हो ते बाई?" सर म्हणाले, "हुशार." सुंदर म्हणाले असते तर परवडलं असतं. सुंदर बाई म्हातारी होते. हुशारीचं काय करायचं? त्या दिवशी वांगी खारट झाली आणि सरांनी मुकाट खाल्ली, त्याचाही मला राग आला.

तेव्हापासून आमच्या घरात सगळे नेश झाले. सकाळी स्कूटर सुरू झाली नाही की ती नेश. टमाट्याची रोपं नेश. प्रार्थनेला मफलर गुंडाळून येणारे हेडमास्तर तर पक्के नेश. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी शाळेच्या डिक्शनरीत शब्द शोधला, सापडला नाही. दुसरा माणूस ओशाळला असता. सर खूश. "नाही न भेटला? म्हनूनच तो अस्सल हाय, साहेब!"

भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही देवरीला गेलो. मुलगी शाल पांघरून बसली होती. सर कौतुकानं म्हणाले, "मुलगी नेश दिसते." मुलीचे वडील ताडकन उठले. "सर, पोरगी एकदम तंदुरुस्त हाय! पाह्यजे त डॉक्टरले पुसा!" मग पोहे थंड होईपर्यंत सर त्यांना गळालेला एच समजावत बसले. लग्न जमलं. एवढे शिकलेले लोक पुन्हा भेटायचे नाहीत, असं मुलीकडच्यांना वाटलं म्हणे.

आमच्या बकरीलाही हा मान मिळाला. तिला न्हाणीच्या बाजूला बांधायचो. सरांनी न्हाणीच्या उघड्या दाराला तागाचं पोतं टांगलं. "तलावावरची हवा सरळ येते. बकरी नेश हाय." पुढे बकरी विकली, पोतं तसंच राहिलं. दर दिवाळीला साफसफाई करताना मी त्या पोत्यावरून सरांना आळशी म्हणायची आणि सर ऐकून घ्यायचे.

आणि मी? मी दसऱ्यापासून स्वेटर घालते. दिवाळीत पायमोजे चढतात. जानेवारीत मी चुलीपासून हलत नाही. सगळं गाव मला हसतं. पण सरांनी मला एकदाही, चुकूनही, नेश म्हटलं नाही. मी मुद्दाम त्यांच्यापुढे हात चोळत म्हणायची, "लय थंडी लागून राहिली बाई मले!" सर नुसते "हो?" म्हणायचे आणि उठून बाहेर जायचे. बकरीला दिला तो शब्द बायकोला देववत नव्हता. त्या बाईची आठवण माझ्या हाताला लागू नये म्हणून जपून ठेवलाय, असं मी धरून चालले. खोटं कशाला सांगू, मी फार जळायची.

आठ-दहा वर्षांनी, एका जानेवारीत, सकाळी दारात जीप थांबली. गाइड ओरडला, "सर, तुमची इंग्लंडवाली बाई आली!"

मी आत धावले. स्वेटर काढून फेकलं, पायमोजे काढले, लग्नातली हिरवी साडी नेसले. बघू दे तिलाही. बाहेर आले तेव्हा दात वाजत होते.

जीपमधून आधी काठी उतरली. मागून पांढऱ्या केसांची, सत्तरी उलटलेली एक आजी. अंगात दोन स्वेटर, वरून शाल, डोक्यावर लोकरीची टोपी. मी सरांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत वय सांगायचं सुचलं नव्हतं या माणसाला!

आजीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी हात पोटाशी घट्ट धरून कुडकुडत उभी. ती एकदम हसली, माझ्याकडे बोट दाखवून सरांना काहीतरी म्हणाली. त्यातले दोन शब्द मला कळले. वाइफ. आणि नेश.

मग तिनं स्वतःची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि बोलतच राहिली. एवढ्या वर्षांत गाइडलाही इंग्रजी जमू लागलं होतं, तो सांगू लागला, "बाई म्हनते, तवा सर पक्षी कमी दाखवत होते, तुमचीच गोष्ट जास्त करत होते. घरवाली बाळंतपनाले माहेरी हाय, तिले थंडी सोसत नाही, कशी असंल, म्हने. मंग सरायनंच बाईले पुसलं, अशा मानसाले इंग्रजीत का म्हनते? त बाईनं आपल्या मायच्या बोलीतला शब्द देला."

सर जीपच्या चाकाकडे बघत होते. कान लाल झाले होते.

आजीला चहा दिला, पोरीला दाखवलं. तिची शाल तिला परत देताना मी तिचा हात धरून ठेवला. बोलायला इंग्रजी कुठून आणू?

जीप गेल्यावर मी सरांना गाठलं. "मंग मले काऊन नाही म्हटलं कधी?"

"तुले म्हटलो असतो," सर म्हणाले, "त तू सेटर काढून फेकलं असतं."

पलंगावर सकाळी फेकलेलं स्वेटर तसंच पडलं होतं. मी ते उचलून अंगात घातलं.

संध्याकाळी हातपाय धुवायला न्हाणीत गेले. तलावावरून वारा सुटला होता आणि पोतं फुगून फुगून दाराला आपटत होतं. आत मात्र वारा येत नव्हता. बकरी विकून कितीतरी वर्षं झाली होती.

"अवो सर," मी आतूनच ओरडले, "हे पोतं अजून कोनासाठी हाय?"



"बकरीसाठी," सर म्हणाले.