खांबेटे काकांचा प्रायव्हेट नंबर

खांबेटे काकांना नुसतं ‘बरं’ म्हणून चालत नाही. लखनौच्या अलीगंजमधल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, त्या पहिल्याच सकाळी ते जिन्याच्या तोंडाशी उभे. म्हणाले, “पाणी सहाला येतं, सातला जातं. मोटर तुम्ही लावायची, बंद मी करणार.” मी म्हटलं, “बरं काका.” गृहस्थ जागचे हलेनात. “बरं म्हणजे काय? रिपीट करा.” मी चाळिशी ओलांडलेली बँकेतली अधिकारी बाई, हातात दुधाची पिशवी, आणि शाळेतल्या पोरीसारखं सगळं म्हणून दाखवलं. “छान. आता नंबर द्या.” मी मोबाइलचा नंबर सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. “तो नको. दोन आकडी. मनातला कुठलाही.” मी घाबरून सत्तेचाळीस म्हणाले. “सत्तेचाळीस,” असं समाधानाने पुटपुटत ते आत गेले. मी लगेच पुण्याला नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, “अहो, घरमालक मराठी आहेत, सज्जन आहेत, पण जरा सरकलेले आहेत.”

सरकलेले नव्हते, रेल्वेतले होते. मूळचे भुसावळचे, नोकरी उत्तरेत लागली, आणि सबंध आयुष्य लखनौच्या आसपास स्टेशन मास्तरकी करण्यात गेलं. त्या कामातली एक पद्धत त्यांनी मला चहा पाजून समजावून सांगितली. एका स्टेशनने पुढच्या स्टेशनला फोन करून विचारायचं, गाडी सोडू का? पुढच्याने हो म्हणायचं. पण नुसतं हो नाही. आपल्याजवळच्या छापील कागदावरचा एक आकडा सांगायचा आणि तो लगेच खोडून टाकायचा. त्याला म्हणायचं प्रायव्हेट नंबर. समोरच्याने तो लिहून घेतला की बोलणं पक्कं. “हो तर झोपेतही म्हणतो माणूस,” काका म्हणाले, “आकडा सांगायला जागं असावं लागतं.”

निवृत्तीनंतर कागद गेला, सवय राहिली. आमच्या गल्लीतला सब्जीवाला तर पुरता तयार झालाय. काका फाटकातून ओरडतात, “आधा किलो भिंडी, एक पाव टमाटर, धनिया ताज़ा. रिपीट!” तो लखनवी अदबीने गाडी थांबवून सगळं घोकतो आणि वर म्हणतो, “और नंबर लीजिए बाबूजी, अट्ठाईस.” पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांची मात्र दाणादाण उडते. “बाबूजी, ओटीपी बताइए,” म्हटलं की काका विचारतात, “पहले तुम अपना बताओ.” बिचारा सांगतो, “मेरा कोई नहीं होता, बाबूजी.” यावर काका मला हळहळून म्हणतात, “बघा, एकतर्फी कारभार! आमचंच उचललं आणि तेही अर्धवट उचललं.”

सॉफ्टवेअर कंपन्यांवर त्यांचा हाच राग. यांनी नवीन काय केलं? ओटीपी आमचा. कंट्रोल रूम आमची. “आणि ते क्लाउड! क्लाउड म्हणजे काय हो? आपलं कपाट शेजाऱ्याच्या घरात ठेवायचं आणि रोज किल्ली मागायला त्याच्या दारात उभं राहायचं.” फोनमध्ये अपडेट आलं की सकाळभर घरात सुतक. “रात्री झोपलो तेव्हा बटण डावीकडे होतं. आता उजवीकडे! यांच्या हातात सिग्नलची केबिन दिली असती तर रोज एक गाडी शेतात.” गॅसच्या कंपनीच्या ॲपवर एकदा ते यंत्राशी बोलत बसले होते. यंत्राने लिहिलं, मी आपली काय मदत करू? काकांनी लिहिलं, ड्युटीवर कोण आहे? नाव आणि हुद्दा कळवा. यंत्र म्हणालं, माफ करा, मला समजलं नाही. काकांना ते इतकं आवडलं की मला हाक मारून खाली बोलावलं आणि दाखवलं. “समजलं नाही हे कबूल करते. माझ्या एकाही साहेबाला हे जमलं नाही.”

इथल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात काका म्हणजे सगळ्यांना अडचण. कुणी बँकेतले, कुणी सरकारी खात्यातले, सगळे सकाळी उठून सुविचार पाठवणारे. एकाने लिंबाने मधुमेह बरा होतो असा मेसेज पुढे ढकलला. काकांनी विचारलं, “हा निरोप मूळ कुठून सुटला? मधे कुणी तपासला का?” तो म्हणाला, पुढून आला. काकांनी लिहिलं, “पुढून कुठून? स्टेशनचं नाव कळवा.” ते गृहस्थ ग्रुप सोडून गेले, आणि गणपतीच्या वर्गणीलाही त्यांनी पुढे नाक मुरडलं. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणेवरही काकांचा काडीचा विश्वास नाही. “गाडी दिसली म्हणजे पोचली असं होत नाही.”

पण हे सगळं हसण्यावारी न्यायचं. काकांचा खरा जीव अडकला होता तो एकाच ठिकाणी, मुलीच्या उत्तरात.

मुक्ता त्यांची एकुलती एक. बंगळूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत. जन्म लखनौचा, त्यामुळे मराठी सगळं कळतं पण बोलते हिंदी. काकू होत्या तोवर मायलेकी तासभर फोनवर बोलत आणि काका पेपरामागून ऐकत. काकू गेल्या आणि बापलेकींची पंचाईत झाली. काकांना फोनवर बोलताच येत नाही. “हां, बोल. तब्येत? पैसे आहेत? ठीक. ठेवतो.” संपलं. मग ते मेसेज लिहायला लागले. सकाळी एक, संध्याकाळी एक. ‘जिन्यावरचा बल्ब बदलला. थंडी वाढली. तुझी शाल कपाटात आहे. कळव.’ तिकडून यायचा एक अंगठा. पिवळा. काका फोन माझ्यासमोर धरायचे. “एम.टेक. केलं पोरीने, आणि अंगठा उठवते! आमच्याकडे सही येत नसे तो उठवायचा.” हसत म्हणायचे, पण मग दुपारी जेवायचे नाहीत. खाली ताट वाजलं नाही की मला वर कळायचं.

एके दिवशी मुक्ताचाच मला फोन आला. “दीदी, एक बात बताऊँ? बाबा को मत बताना, प्लीज़.” तिने ऑफिसच्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. बाबांचा मेसेज आला की तो आपोआप उत्तर पाठवणार: ‘प्राप्त’ आणि पुढे दोन आकडी नंबर. “मैं मीटिंग में रहती हूँ, दीदी. रात को देखती हूँ तो लगता है अब क्या जवाब दूँ. उनको बुरा लगता है, मुझे भी लगता है.” मला त्या पोरीचा राग आला. बापाला यंत्राच्या तोंडी देते म्हणजे काय! आणि तिचा आवाज इतका दमलेला होता की रागावताही येईना. मी म्हटलं, नाही सांगत.

त्याच संध्याकाळी काका जिना चढून वर आले. गुडघे दुखतात, एरवी चढत नाहीत. “अनघाताई, हे बघा. प्राप्त. प्रायव्हेट नंबर एकसष्ट. मुक्ताचा!” चेहरा असा, जणू पोरीचं लग्न ठरलंय. मी “अरे वा” म्हटलं आणि गॅसकडे तोंड फिरवलं. त्यानंतर रोज. प्राप्त, चौतीस. प्राप्त, नव्वद. काका दोन्ही वेळ जेवायला लागले, दाढी रोज करायला लागले. मी मात्र धसका घेतलेला. या माणसाला एक दिवस कळेल, आणि त्या दिवशी मी याच घरात असेन. बँकेत शिक्के मारतानासुद्धा तेच डोक्यात.

हिवाळा उतरणीला लागला होता. एका सकाळी मी डबा घेऊन निघाले तर काका बाहेरच्या खोलीत फोन मांडीवर ठेवून बसलेले. चहा समोर गार झालेला, वर साय धरलेली. मला बघून म्हणाले, “काल सकाळपासून मुक्ताचं उत्तर नाही.”

“येईल हो काका. कामात असेल.”

“तीन निरोप पाठवले.”

तोंड इतकं उतरलेलं की माझ्याने राहवेना. आता बोंब झाली तरी चालेल, पण पोरगी विसरली असं यांनी मनात घेऊ नये. मी डबा खाली ठेवला. “काका, रागावू नका. ती उत्तरं मुक्ता पाठवत नव्हती. तिने यंत्र लावून ठेवलंय. ते बंद पडलं असेल, बाकी काही नाही.”

“ठाऊक आहे की,” काका म्हणाले.

“कधीपासून?”

“पहिल्या आठवड्यातच कळलं. माणूस कधी लवकर उत्तर देतो, कधी उशिरा, कधी चुकतो. हे महाशय आंघोळीला जात नाहीत, झोपत नाहीत. एकदा वापरलेले नंबर पुन्हा देतात. ते काय मास्तर आहेत का?”

“मग तुम्ही रोज वर येऊन मला दाखवत होतात ते?”

“अहो, बसून बनवलंय ना तिने! माझ्यासाठी. माझ्या खुळाचा विचार करून, आकड्यासकट. तिला कुणी सांगितलं होतं?” त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. “आणि आनंद काही खोटा नव्हता.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि संतापही आला. इतके दिवस मी मेली फुकट जीव टांगून घेतला होता! म्हटलं, “यंत्र आहे हे ठाऊक आहे, तर मग आता चहा गार करून काय बसलात?”

“ते याआधीही बंद पडलंय. दोनतीनदा. प्रत्येक वेळी संध्याकाळपर्यंत तिने दुरुस्त केलं. म्हणजे ती रोज बघते, चालू आहे की नाही. मला तेवढं पुरतं.” त्यांनी फोन उलटा करून ठेवला. “काल तिने दुरुस्त केलं नाही. रात्रीही नाही. तिचं काहीतरी बिनसलंय, अनघाताई.”

“मग फोन करा ना!”

“ड्युटीवर असेल. आणि करून बोलू काय?”

मी त्यांचा फोन उचलला, मुक्ताला लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्यासमोर ठेवला. बऱ्याच वेळाने तिने घेतला. “हाँ बाबा.” मागे कावळे ओरडत होते, मुलांचा गलका होता. ऑफिसात कुठले कावळे?

“मुक्ता, तुझं यंत्र बंद आहे,” काका म्हणाले.

ती दचकून म्हणाली, “आपको पता था?”

“ते राहू दे. तुला काय झालंय?”

आणि ती रडायलाच लागली. नोकरी गेली होती. काल सकाळी एका मीटिंगला बोलावलं, तिच्यासारख्या बऱ्याच जणांना, आणि दुपारच्या आत सगळं आटोपलं. लॅपटॉप तिथेच काढून घेतला. “उसी में था, बाबा. आपका वाला. मैंने बोला एक मिनट दे दो, नहीं दिया.” सोबत राहणाऱ्या मैत्रिणीला सांगायची लाज वाटली, म्हणून आज नेहमीसारखी आवरून, बॅग खांद्याला लावून निघाली होती आणि एका बागेत येऊन बसली होती.

आता हे काय बोलणार, मला धास्ती. ‘ठीक. पैसे आहेत? ठेवतो,’ असं म्हणाले तर पोरगी कोसळेल. मी फोन हातात घ्यायला पुढे झाले. पण काकांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

“बाक सावलीत आहे का?” त्यांनी विचारलं. “नाही, आत्ता नाही. दुपारी बघ. दोननंतर ऊन फिरतं. झाडाच्या पलीकडच्या बाजूचा बाक धर. आणि एकाच बाकावर दिवसभर बसू नकोस, माळी विचारायला येतो. मधे उठून एक फेरी मारायची.”

तिकडून काहीतरी प्रश्न आला.

“मला कसं ठाऊक म्हणजे? तू चौथीत होतीस बघ. मी रोज संध्याकाळी तुझ्यासाठी पेरू आणायचो. आठवतं? तू आईला म्हणायचीस, आजकल बाबा कितने अच्छे हो गए हैं. तेव्हा मी सस्पेंड होतो. चौकशी चालू होती. पुढे सुटलो त्यातून, पण ते महिने गेलेच. हो. आईला सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही. डबा घ्यायचा, युनिफॉर्म घालायचा, निघायचं. गोमतीच्या बाजूला बाग होती, तिथे दिवसभर. पेरूवाला फाटकाशीच बसायचा.”

मी दाराशी उभी होते. बँकेला उशीर होत होता, पण पाय निघत नव्हता. काकांना इतकी वाक्यं सलग बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

“तू घरी ये,” ते म्हणाले. “तिकीट मी काढतो. मैत्रिणीला सांगून टाक आज. मी सांगितलं नाही, ती चूक केली. एकट्याने नाही निभत ते.”

मुक्ताने पुढे काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. काकांनी खिडकीकडे तोंड केलं.

“हो गं, रडायचो की,” ते म्हणाले. “पेरूला मीठ लावून खायचो, आणि रडायचो.”