गयाकाकूचे बारमाही ॲस्टर

आमच्या इंझोरीत गयाकाकूच्या अंगणातलं फूल कित्येक वर्षांत देवाच्या डोक्यावर गेलेलं नाही. दसरा असो, दिवाळी असो, की शाळेत कोणी साहेब येणार असो, गयाकाकूचं उत्तर ठरलेलं. "नाही म्हणजे नाही. पुढचं बोल." मागणारा तिथंच गार पडतो. तो फुलासाठीच आलेला असतो, पुढचं काय बोलणार बिचारा!

फुलं ॲस्टरची. जांभळी, मध्ये पिवळा ठिपका, आणि एकेका झाडावर इतकी की पान दिसू नये. अख्ख्या गावात सोयाबीन आणि तूर, दारात झालाच तर झेंडू. आणि मध्येच हिचं जांभळं अंगण. नवीन माणूस एसटीतून उतरला की आधी तिकडे बघत राहतो आणि मग घराचा पत्ता विचारतो.

मी शेजारीण. पिठाची चक्की चालवते. आधी माझा नवरा चालवायचा, तो गेल्यापासून मी. चक्कीच्या खिडकीतून काकूचं अंगण दिसतं, त्यामुळे मला करमणुकीला दुसरं काही लागत नाही. पहाटे उठून काकू ओट्यावर बसते, हातात तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी. याच तुराट्या ती झाडांना आधार म्हणून बांधते आणि यांनीच फुलचोरांना हाकलते. गावातल्या भल्या भल्या माणसांना सकाळी फिरायला निघाल्यावर दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं देवासाठी तोडायची सवय असते, ती तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्याकडे या कामात नामदेवभाऊजी पहिले. काकूचे चुलत दीर, भावकीतले मोठे, कपाळाला गंध, खिशात प्लास्टिकची पिशवी. एकदा कुंपणातून हात घातला आणि हातावर तुराटी बसली. भाऊजी म्हणाले, देवासाठीच तर नेतो आहे. काकू म्हणाली, "देवाले पाह्यजे असंन तं त्याले इथं घेऊन या. पाहू द्या त्याले पोटभर. तोडू देत नाही."

पूर्वी ती अशी नव्हती म्हणतात. माझ्या सासूनं सांगितलेली गोष्ट आहे. काकूचा नवरा गेल्यावर ती कसल्याशा कागदासाठी मंगरूळपीरला एका कचेरीत गेली होती. तिथला माळी बागेतली झाडं उपटून टाकत होता. हिनं त्यातलं एक पदराखाली घालून आणलं. कागदाचं काय झालं ते तिला आठवत नाही. झाड मात्र लागलं, पसरलं. तेव्हा ती कोणालाही ओंजळभर फुलं द्यायची. मग दसऱ्याच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया आल्या, टोपलीभर फुलं तोडून घेऊन गेल्या, आणि हिला कोणी बोलावलं नाही. विधवा बाईला कोण बोलावतं! काकू दारात उभी राहून म्हणाली म्हणे, "माही फुलं चालतात, मी चालत नाही." त्या दिवसापासून फूल बंद.

झाडांच्या बाबतीत ती कसाई आहे. पाणी बुडाशीच घालायचं, पानावर पडलं तर भुरी रोग येतो म्हणून मला पन्नासदा ऐकवलंय, आणि माझ्याकडे तर ॲस्टर पण नाही. दरसाल-दोनसाल फुलं सरली की ती अख्खा ठोंब खणून काढते. कडेचे कोवळे फुटवे मुळासकट वेगळे करते, नव्या मातीत लावते. मधला भाग लाकडासारखा झालेला असतो, तो सरळ उकिरड्यावर. एकदा मला त्या मधल्याची दया आली. मी गुपचूप उचलून चक्कीमागं लावला. काकूला दिसला. तिनं येऊन उपटला आणि म्हणाली, "मधलं जून झालं, त्याच्यात काई राह्यलं नाही. दया कराची असंन तं माणसावर कर." मी दळण टाकायला गेले.

आता खरी गोष्ट. काकूचा एकुलता एक मुलगा आजारानं गेला. घरात काकू आणि सून शीतल, दोघीच. शीतल तिशीच्या आतली. वर्ष झालं आणि काकूनं जाहीर केलं की सुनेचं लग्न करणार. शीतल आधी रडली, मग चिडली. "मी गेल्यावर तुमचं कसं होईल, आत्याबाई?" तिला उत्तर काय मिळालं ते तुम्ही ओळखलं असेलच.

मेडशीचं स्थळ आलं. मंगेश नाव, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, बायको वारलेली. बघायला आला तेव्हा मीही होते. चहा झाला. काकूनं त्याला ना कमाई विचारली ना शेती. विचारलं काय, तर घरासमोर अंगण आहे का, ऊन किती वेळ राहतं, पावसात पाणी साचतं का. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी खाली मान घातली, नाहीतर हसू फुटलं असतं. काकू म्हणाली, पुढच्या वेळी अंगणातली माती घेऊन ये.

आणि त्यानं आणली की! एसटीतून, पिशवीत घालून. काकूनं मूठभर घेऊन दाबली, चिकट आहे म्हणाली, रेती आणि शेणखत घाल म्हणून परत पाठवला. तिसऱ्यांदा तो मोबाइलवर फोटो घेऊन आला. अंगणात वाफा केलेला आणि त्यात ओळीनं ॲस्टरची रोपं. खूश करायला पोरानं नर्सरीतून आणून लावली होती. काकूनं फोटो डोळ्याजवळ नेला आणि तिचा चेहराच उतरला. ती एका हंगामाची जात होती, फुलली की मरणारी; काकूची दरसाल ठोंबातून परत फुटणारी. "हे तं पाहुणं हाय," ती म्हणाली, "चार दिस राहीन अन् जाईन. मले बारमाही पाह्यजे." मंगेशनं मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "मावशी, मी उपटून टाकतो. वाफा तसाच ठेवतो. तुमीच येऊन लावजा." तेव्हा काकू पहिल्यांदा हसली. शीतल आतल्या दारात उभी होती. तीही हसत होती.

मग भावकी जमली. लग्नाला कोणाची ना नव्हती, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे विधवेचा पाट लावायची चाल जुनीच आहे. पण पाट लावायचा अंधार पडल्यावर, मंडप नाही, वाजंत्री नाही, नवरीच्या डोक्यात फूल नाही. नामदेवभाऊजी समजुतीनं सांगत होते, पाचपन्नास वर्षांची रीत आहे, गुपचूप उरकून घे, तुझंही नाव राहील. काकू ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काहून अंधारात? तिनं काय चोरी केली? दिवसा लावीन. दारात मंडप टाकून लावीन. डोकं भरून फुलं माळीन." भाऊजी उठले. असं असेल तर भावकीतलं कोणी येणार नाही, म्हणाले. काकूनं जागेवरूनच सांगितलं की न आलात तर भात उरेल, तो गायीला घालीन.

लग्न ठरलं दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झाल्यावर. आणि पोळ्याच्या सुमारास एका सकाळी मी खिडकीतून बघते तर काकू सगळ्या झाडांचे शेंडे खुडत चाललेली! कळ्या धरायला आलेली झाडं, आणि ही बाई फटाफटा मोडतेय. मी चक्की बंद करून धावले. मला वाटलं, भावकीच्या बोलण्यानं हिचं डोकं फिरलं. काकूनं मान वर न करता सांगितलं, "दसऱ्याले फुलतात अन् दिवाळीपर्यंत सरतात. आता खुडलं तं उशिरा येतीन. मले लगनाले पाह्यजे."

दसऱ्याला काकूच्या अंगणात एक फूल नव्हतं. नामदेवभाऊजी कुंपणाजवळ थांबून मोठ्यानं म्हणाले, देवाला दिलं नाही, देवानं काढून घेतलं. खरं सांगते, मलाही धास्ती वाटत होती. दिवाळी आली, पणत्या लागल्या, झाडं हिरवीगार आणि मुकी. नाही फुलली तर भावकी वर्षभर हसणार होती, आणि शीतल रिकाम्या डोक्यानं उभी राहणार होती. काकू रोज बुडाशी पाणी घालायची आणि रोज माझ्यावर खेकसायची.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी पहिलं फूल उमललं. मग थांबायलाच तयार नाही!

लग्नाच्या दिवशी काकूनं कात्री घेतली आणि अंगण बोडकं केलं. भर दुपारी मंडपाच्या तोंडाशी ती टोपली घेऊन उभी राहिली. येईल त्या बाईच्या अंबाड्यात फूल खोचायची. कुंकू असो नसो. भावकीतले पुरुष आले नव्हते, बाया मागच्या गल्लीतून झाडून आल्या होत्या. माझी पाळी आली. माझा हात आपोआप डोक्यावर गेला, नको म्हणायला. नवरा गेल्यापासून मी फूल माळलं नव्हतं. काकू म्हणाली, "हात काढ, विमल. मागं बाया खोळंबून राह्यल्या." आणि खोचलं. मी मंडपात जाऊन बसले आणि मला इतकं रडू आलं की शीतलला वाटलं, काय झालं हिला.

शीतलचं डोकं दिसत नव्हतं फुलांनी. पंगत बसताना नामदेवभाऊजी कुंपणाशी आले आणि घुटमळायला लागले. काकूनं त्यांना ओळीत बसवलं, वरण वाढलं, तूप वाढलं. फूल दिलं नाही.

उरलेल्या कळ्याही फुलून सरल्यावर मंगेश आणि शीतल आले, ठोंब न्यायला. काकूनं सगळे खणले. कडेचे फुटवे वेगळे करून ओल्या पोत्यात बांधले. एकही मागं ठेवला नाही. शीतल तिचा हात धरून म्हणाली, आत्याबाई, तुम्ही पण चला, खोली रिकामी आहे. "नाही म्हणजे नाही. पुढचं बोल." शीतलला पुढचं बोलता आलं नाही. मंगेशनं पोतं उचललं आणि दोघं एसटीकडे गेले.

मी चक्की बंद करून बाहेर आले तर काकू खड्ड्यापाशी बसलेली. मधले लाकडासारखे तुकडे उकिरड्यावर गेले नव्हते. ती एकेक उचलून परत खड्ड्यात बसवत होती, माती सारत होती, बुडाशी पाणी घालत होती. अंगण मला कधी एवढं मोठं वाटलं नव्हतं.

"काकू, हे तं फेकाचं असते ना?" मी म्हटलं.

"नाही फेकत," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "पुढचं बोल."

या वेळी माझ्याकडे पुढचं होतं. मी म्हटलं, "मंग आजपासून संध्याकाळची भाकर माह्याकडं खात जा."

तिनं तांब्या खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं.

"भाजी कायची हाय?" ती म्हणाली.