आईसाहेबांच्या हसण्यावरील शिक्का उठविल्याची हकीकत

वाचणारांच्या नेत्रांस तेज आणि चष्म्यांस दांडी असो. घरच्या वडीलधाऱ्यांनी फर्माविले की, आईसाहेबांच्या फोटोवरून दीर-भावजयांत जी धामधूम माजली, तीत खरे किती नि पदरचे किती हे पुढील पिढीस उमगणार नाही, सबब समूळ वर्तमान लिहून ठेवावे. त्यावरून लिहिले आहे. जे पाहिले ते लिहिले, जे दाराआडून ऐकिले तेही लिहिले, आणि जेथे कुकरच्या शिट्टीने ऐकू आले नाही तेथे मजकूर सोडिला आहे.

श्रीमंत क्लिककाका म्हणजे या घरचे कर्ते पुरुष दादासाहेब यांचे धाकटे बंधू. मूळ नाव निराळे, परंतु हाती सदा कॅमेरा, म्हणोन पुतणीने बालपणी हे नाव ठेविले आणि तेच चालिले. राहणे त्याच घरी, मागील खोलीत, एकटे. पेशा चौकातील गाळ्यात ओळखपत्राचे फोटो काढण्याचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रयत येऊन स्टुलावर बसे आणि काका हुकूम करीत की हनुवटी वर घ्या, कान दिसू द्या, हसू नका; आणि रयत हुकमाची ताबेदार, ऐसे पडेल चेहरे करी की घरच्या कुत्र्यानेही ओळख दाखवू नये. दिवसभर लोकांचे हसू जप्त करावे आणि सांजेस घरी येऊन घरच्या माणसांचे हसू धुंडाळीत फिरावे, ऐसा यांचा क्रम. वाढदिवस जाहला, कॅमेरा सिद्ध. कोणी पास जाहले, कॅमेरा सिद्ध. कोणी नापास होऊन कोपऱ्यात बसले, तरी कॅमेरा सिद्ध. आणि फोटो नामी! रागीटास त्यात माया येई, थकल्यास उजेड येई. मात्र घराण्याच्या कुल फोटोंत काका स्वतः कोठेही नाहीत. कोणी कॅमेरा मागितला तर, "राहू दे, तुला जमायचं नाही," म्हणोन वारीत.

आता शिक्क्याचे मूळ ऐकावे. आरंभी काका फोटो मोकळ्या हाताने वाटीत. पुढे ऐसे जाहले की, पुतणीचे केस वाऱ्यावर उडताहेत असा एक देखणा फोटो त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकिला. तेथून तो मावशींकडे गेला, मावशींकडून त्यांच्या शेजारणीकडे गेला, आणि मग मजल दरमजल करीत बाजारातील एका सलूनवर दाखल जाहला आणि तेथील फलकावर पुरुषभर उंच होऊन उभा राहिला, खाली अक्षरे की, कोंडा एका धुण्यात साफ. ना कोणी विचारिले, ना कोणी नाव घातले. काका जातीने चालून गेले आणि जाबसाल केला, तों सलूनवाला वस्तरा पुशीत म्हणाला, "अहो, नेटवर सापडला. नेटवरचं सगळ्यांचंच असतं की!" पुतणीस कॉलेजात कोंडाराणी ऐसा किताब मिळाला. काका त्या दिवशी ताटावरून तसेच उठले.

मग त्यांनी फर्मान काढिले की, यापुढे शिक्क्यावाचून एकही फोटो या खोलीतून बाहेर पडणार नाही. शिक्का येणेप्रमाणे: "छाया: क्लिककाका. सर्व हक्क स्वाधीन." अक्षरे पांढरी आणि जाड. आता शिक्का कोपऱ्यात मारावा तर चोर कोपरा छाटून पळतो, म्हणोन काकांनी खाशी मसलत केली की, फोटोत जे सर्वांत सुंदर असेल नेमका त्यावरच शिक्का हाणावा. तेणेकरून नवरीच्या डोळ्यांवर हक्क पडला, तान्ह्या बाळाच्या मुठीवर हक्क पडला, आणि घरात ऐसा दस्तुर पडला की आपल्यात चांगले काय आहे हे ज्याने त्याने शिक्का कोठे आहे ते पाहून समजावे. दादासाहेबांच्या एका फोटोत शिक्का मागच्या कुंडीवर पडला, त्यावरून दादासाहेब बहुत दिवस रुष्ट होते.

आईसाहेब म्हणजे या उभय बंधूंच्या मातुःश्री. यांच्या पुढल्या दोन दातांत फट. तीच फट धाकट्या चिरंजीवांकडे आली. त्या फटीची लाज म्हणोन आईसाहेब जन्मभर तोंडावर हात धरून हसल्या. हसू डोळ्यांत दिसे, खांद्यांत दिसे, परंतु ओठ कोणी पाहिले नाहीत. तों एके दुपारी स्वयंपाकघरात खिडकीशी बसून मटार सोलताना, ओंजळ दाण्यांनी भरलेली, आईसाहेबांस अकस्मात हसू फुटले. हात तोंडाशी न्यावा तर दाणे सांडतात, म्हणोन हात राहिला आणि हसू उघडे पडले. समोर काका गुडघे टेकून, एक डोळा मिटून सिद्धच होते. त्यांनी साधले. ऐसा फोटो त्या घरात पूर्वी जाहला नाही. आणि काकांनी रिवाजाप्रमाणे त्यात जे सर्वांत सुंदर होते त्यावर शिक्का मारिला, म्हणजे हसण्यावर.

पुढे थंडीत आईसाहेब निवर्तल्या. घाईगर्दीत भिंतीवर जो फोटो लागला तो ओळखपत्राचा. तोही काकांच्याच हातचा, गाळ्यातला, हनुवटी वर, कान दिसताहेत, हसू नाही. ओळखपत्रावर शिक्का चालत नाही, म्हणोन आईसाहेबांचा ना शिक्का ना तोंडावर हात ऐसा फोटो काय तो हाच. त्यात त्या ऐशा पाहतात की दूध उतू घालविल्याचा आळ त्यांच्यावर आला आहे.

या फोटोखालून वहिनीसाहेबांची रोज ये-जा. या दादासाहेबांच्या पत्नी, दवाखान्यात केसपेपर काढण्याच्या कामावर, बोलण्यात तिखट, मनाने ओल्या. सासूशी यांचे भांडण रोजचे आणि हसणेही रोजचे. एके सकाळी डबा भरता भरता यांनी डोळे मिटून सासूबाईंस आठविले, तों मिटल्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा चेहरा आला. हसरा चेहरा बोलाविला, तो येईना. वहिनीसाहेबांनी डबा तसाच ठेविला. त्यांनी निश्चय केला की, हसता फोटो बिनशिक्क्याचा मिळवून त्या भिंतीवर चढवीन आणि मगच स्वस्थ बसेन.

प्रथम साम. ग्रुपवर अर्ज गेला की, भावोजी, आईंचा मटारवाला फोटो शिक्का काढून टाका ना, सगळ्यांना हवाय. दूरदेशीच्या ताईंनी, म्हणजे उभय बंधूंच्या भगिनींनी, खाली हात जोडल्याची चित्रे पाठविली. काकांचे उत्तर उतरले की, आज ग्रुपवर, उद्या फलकावर, आईच्या दातांखाली दंतमंजनाची जाहिरात पाहण्याची तयारी असेल त्याने आग्रह धरावा, हुकूम कायम. दादासाहेबांस मध्यस्थीची विनंती गेली. ते वर्तमानपत्राच्या आड तळ देऊन बसले आणि तेथूनच म्हणाले, "तुमचं चालू द्या."

मग दाम-दंड सोडून भेद. पुतणी संगणकविद्येत निपुण. तिने मोबाईलवरील एका ॲपास कामगिरी सांगितली की शिक्का पुसून खालचे हसू भरून दे. ॲपाने क्षणात पुसले आणि क्षणात भरिले. पाहतात तों आईसाहेबांच्या मुखी परक्या बाईचे मोत्यांसारखे दात, वर-खाली रांगेत, फटीचा मागमूस नाही. पुतणी किंचाळली. दादासाहेब प्रथमच वर्तमानपत्राबाहेर आले आणि म्हणाले, "ही कोण?" गलबला ऐकून काका धावत आले, मोबाईलात पाहिले, आणि रागे भरावे तर तेही न करिता मुकाट मागे फिरले आणि दार लावून घेतले. या चढाईत वहिनीसाहेबांचा मोड जाहला. त्यांनी ते चित्र स्वहस्ते पुसले.

मग वेढा. पुतणीच्या वाढदिवशी केक आला, मंडळी जमली, काकांनी कॅमेरा उचलिला, आणि वहिनीसाहेबांची खूण होताच एकूण एक जणांनी कागदी बशा तोंडापुढे धरिल्या. काका म्हणाले, "हा काय चावटपणा?" बशीआडून वहिनीसाहेब वदल्या, "चेहऱ्याचे सर्व हक्क स्वाधीन, भावोजी. केकचा काढा, तो काही बोलायचा नाही." दादासाहेबांची बशी भरलेली होती, त्यामुळे क्रीम नाकास लागले, तथापि त्यांनी मोर्चा सोडिला नाही. काकांनी कॅमेरा खाली ठेविला. त्या घरात प्रसंग पार पडला आणि फोटो निघाला नाही, ऐसे पूर्वी कधी घडले नव्हते.

परंतु वेढा घालणाऱ्यासही भूक लागते. दुसरे दिवशी सुटी. दुपारी वहिनीसाहेब चहाचे दोन कप घेऊन, कोणी सैन्य बरोबर न घेता, मागील खोलीच्या दारी गेल्या. दार लोटलेले. काका संगणकापुढे पाठमोरे बसलेले, आणि पडद्यावर आईसाहेब, ओंजळीत मटार, तोंडावर काही नाही, खळखळून हसताहेत. खिडकीचा उजेड गालावर उतरला आहे आणि दातांतली फट दिसते आहे. वहिनीसाहेब उंबऱ्यातच थबकल्या. कपातील चहा बशीत आला.

काकांनी मागे न वळता म्हटले, "सलूनवाल्याची भीती आहेच, वहिनी. खोटं नाही सांगत. पण एकदा वाटला की ती सगळ्यांच्या मोबाईलात जाईल. कोण बोटाने सरकवेल, कोण पुसून टाकेल. इथे ती फक्त माझ्याकडे बघून हसते. आख्खा जन्म मी लोकांना हसू नका सांगतो. माझ्याकडे बघून अशी हसलेली ती एकटीच."

वहिनीसाहेब खाटेच्या कडेवर बसल्या. कप खाली ठेविले.

"भावोजी, एक सांगू? त्या दिवशी मी तुमच्या मागे उभी होते."

"मग?"

"तुम्ही गुडघ्यावर बसून एक डोळा मिटता, जीभ बाहेर काढता, अशी, ओठाच्या कोपऱ्यात. आणि आईंना पण म्हणालात, हनुवटी वर. मी चाळणी डोळ्याला लावली आणि तुमची नक्कल केली. म्हणून हसल्या त्या."

काकांचा चेहरा उतरला. गाळ्यातील स्टुलावर बसलेल्या रयतेचा असतो तैसा जाहला. म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे बघून हसली."

वहिनीसाहेबांच्या ध्यानी आले की आपला बाण नको तेथे लागला. त्या लगबगीने म्हणाल्या, "कशाची माझ्याकडे! नक्कल कोणाची होती? तुम्ही नसतात तर चाळणी घेऊन मी काय पीठ चाळणार होते? तुम्ही दुकानात गेलात की त्या रोज म्हणायच्या, कर गं, त्याचं ते जिभेचं कर. तुमच्यावरच हसायच्या हो. रोज."

"रोज?"

"रोज. तोंडावर हात धरून. फक्त त्या दिवशी हातात मटार होते."

काका पडद्याकडे पाहत राहिले. चहावर साय धरली. मग वहिनीसाहेबांनी हलकेच म्हटले, "फोटो तुमचा, भावोजी. मेहनत तुमची, नजर तुमची, त्यावर माझं काही म्हणणं नाही. नाव कुठंही घाला. पण आई जन्मभर तोंडावर हात धरून हसल्या. एकदाच तो हात निघाला. आणि त्याच जागी तुम्ही तुमचा ठेवलात. मला आता त्या हसताना आठवतच नाहीत हो. भिंतीवरच्याच आठवतात."

यानंतर कुकरची शिट्टी जाहली, सबब मजकूर नाही. शिट्टी थांबली तों काकांनी स्वहस्ते बिनशिक्क्याचा फोटो ग्रुपवर सोडिला होता.

तह ठरला तो ऐसा: घरच्यांनी फोटो मोकळेपणी घ्यावे, ज्यास द्यावयाचे त्यास द्यावे, परंतु कोणाचा ते सांगून द्यावे, दुकानदार, फलकवाले, दंतमंजनवाले यांनी विचारिल्यावाचून हात लावू नये, आणि लाविल्यास समस्त घराने काकांचे बाजूने चालून जावे, पुढे वहिनीसाहेब; आणि फोटोवर काकांचे नाव घालावे, परंतु कोपऱ्यात आणि मुंगीएवढे, माणसाच्या तोंडावर कदापि नाही. दादासाहेबांनी पुरवणी कलम मागितले की कुंडीवरही नाही. ते मंजूर जाहले. ग्रुपवर ताईंनी प्रथम हसण्याची चित्रे पाठविली, मग रडण्याची, आणि मग फोनच केला.

फ्रेम करून आणिली. दादासाहेबांनी खिळा मारिला, थोडा तिरका. वहिनीसाहेबांनी ओळखपत्राचा फोटो उतरविला आणि नवा चढविला, आणि खोलीत कोणी खिडकी उघडावी तैसे जाहले. काकांनी सवयीने कॅमेरा उचलिला. तों वहिनीसाहेबांनी तो त्यांच्या हातून काढून घेतला. "राहू द्या, तुम्हाला जमायचं..." ऐसे काका म्हणतात तों एका हातात हातोडा दिला, दुसऱ्या हातात उतरविलेली फ्रेम दिली, आणि आज्ञा केली, "तिथं उभे राहा. आईंच्या खाली. हनुवटी वर."

मग वहिनीसाहेबांनी गुडघे टेकिले, एक डोळा मिटला, आणि जीभ बाहेर काढून ओठाच्या कोपऱ्यात ठेविली.

काकांस हसू फुटले. हात तोंडाकडे निघाला, तों त्यात हातोडा. दुसरा निघाला, तों त्यात फ्रेम. हसू उघडे पडले. वहिनीसाहेबांनी साधले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती येथे दाखल केली असे. सदर फोटो किंचित हललेला आहे आणि दादासाहेबांचे मस्तक अर्धे कापले गेले आहे. वर मातुःश्री, खाली चिरंजीव, दोघांच्या दातांत तीच फट. कोपऱ्यात मुंगीएवढे नाव वहिनीसाहेबांचे. बाकी ज्यास हवा त्याने न्यावा.