सोळा हजारांत सहा टायर

भाव करण्यात आपला हात धरणारा जगात कोणी नाही, अशी वयाच्या चोविसाव्या वर्षी माझी पक्की खात्री होती. हातात वाणिज्य शाखेची ताजी पदवी होती आणि नोकरी नव्हती, म्हणजे वेळच वेळ होता. आणि भाव करायला अकलेपेक्षा वेळच जास्त लागतो! भाजीवाली मला लांबून पाहायची आणि टोपलीवर फडकं टाकायची.

अशा कर्तबगार मुलावर बाबांनी ट्रकच्या टायरांची कामगिरी सोपवली, यात नवल ते काय?

आमचा ट्रक एकच. मालक बाबा, चालक बाबा, आणि अडलं तर हमालही बाबाच. आई त्याला कधी ट्रक म्हणाली नाही. ती म्हणायची, "तुमची ती." म्हणजे, "तुमच्या तिला आंघोळ घालून झाली असेल, तर आता स्वतःही करा!" त्या वर्षी तिचे सहाही टायर इतके गुळगुळीत झाले होते, की त्यांच्यापुढे बाबांचं टक्कल खडबडीत वाटावं.

आठ दिवसांच्या फेरीवर निघताना बाबा केबिनमधून ओरडले, "नाक्यावरच्या टायरवाल्याकडे भाव ठरवून ठेव! सगळे नवे घालायचे. अठराच्या वर जाऊ नकोस. पैसे कपाटातल्या डब्यात आहेत!"

मी काही विचारायच्या आत धुरळा उडवत बाबा आणि त्यांची ती, दोघंही वळणावर दिसेनासे झाले.

ट्रकच्या घरात वाढूनही मला ट्रकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सायकलच्या टायरचा भाव मात्र तोंडपाठ होता. त्याला मी आकाराने गुणलं, जाडीने गुणलं, सहाने गुणलं. उत्तर अठरा हजारांच्या जवळपास आलं. वा! बाबांचा अंदाज बरोबर होता तर!

टायरवाला म्हणजे टायरच्याच घडणीचा माणूस. गोल, काळा आणि हवा भरल्यासारखा घट्ट. दुकानात नव्या रबराचा असा दर्प, की पाच मिनिटांत डोकं जड व्हावं. पण मी पदवीधर होतो, डगमगलो नाही.

"किती हवेत?" त्याने विचारलं.

"सहा."

"अठरा पडतील."

"चौदा!"

तो इतका हसला, की त्याच्या मागची टायरांची चळत हलली. मग सुरू झाली लढाई. मी दोनदा उठून निघून गेलो, दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा उठलो, तर तो म्हणाला, "बसा हो, उगाच जोडे झिजवताय. बाबांचा जुना संबंध आहे, म्हणून सोळा. यापुढे एक शब्द बोललात तर मी दुकान बंद करून घरी जाईन!"

सोळा! बाबांनी सांगितल्यापेक्षा दोन हजार कमी! घरी आलो तो चालत नाही, तरंगतच.

आमच्याकडे फोन नव्हता. बाबांचा फोन शेजारच्या शिंपीणकाकूंकडे यायचा, आणि मागे इंजिनं गुरगुरत असल्यामुळे दोन्हीकडून नुसती आरडाओरड चालायची. दुसऱ्या दिवशी तो आला.

"सोळा!" मी ओरडलो.

"काय? सोळा?"

"हो, सोळा! तुम्ही आलात की घालून देतो म्हणाला!"

खरखरीतून बाबा ओरडले, "शाबास रे!"

वाचकहो, बाबांच्या तोंडून मला मिळालेली ही पहिली शाबासकी. मी पदवी आणली, तेव्हा ते "बरं" म्हणाले होते. त्या "शाबास"पुढे मला भान राहिलं नाही, हे आज कबूल करतो.

आईने कपाटातला डबा काढला, नोटा मोजल्या आणि मटकन खालीच बसली. "अरे, हे तर लाख आहेत! सोळासाठी लाख कशाला ठेवले असतील?"

"आई, याला राखीव निधी म्हणतात," मी पदवी परजली. "व्यवसायात ठेवावा लागतो. सोळा गेले, चौऱ्याऐंशी उरले!"

"नक्की सहा टायर ना रे?"

"सहाच्या सहा!"

आईने आपल्या हातांकडे पाहिलं. पंचवीस वर्षं बाबांचे ग्रीस माखलेले कपडे घासून घासून तळव्यांची पार रया गेली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच दुकानात नेलं आणि कपडे धुण्याचं यंत्र घेतलं! चोवीस हजार! मग यंत्र ठेवलं त्या खोलीच्या भिंती यंत्रापुढे कळकट दिसायला लागल्या, म्हणून घराला रंग काढला. नऊ हजार! मग रंगवलेल्या घरातून मुलाखतीला निघणारा मुलगा विटक्या शर्टात कसा चालेल? म्हणून मला कोट. सात हजार! आणि हे सगळं करूनही आम्ही फायद्यातच होतो. हिशेब माझा होता ना!

आठव्या दिवशी बाबा ट्रक घेऊन थेट टायरवाल्याकडे आले. मी हजर होतोच. भर दुपारी, अंगात नवा कोट आणि कोटाच्या खिशात पाकिटात मोजून सोळा हजार.

"दादा, टायर बदलायला आलात की लग्नाला?" फिटर म्हणाला.

त्याने जॅक लावले, ट्रक लाकडी ठोकळ्यांवर चढवला आणि सहाही टायर उतरवले. चाकांशिवाय ट्रक कवळी काढलेल्या आजोबांसारखा दिसत होता. मी ऐटीत पाकीट पुढे केलं.

टायरवाल्याने ते चाचपलं. "बाकीचे?"

"बाकीचे कसले?"

"शहाण्णव झाले ना! सोळा सक शहाण्णव!"

"सोळात सहा ठरले होते!"

"सोळात एक!" तो कळवळून ओरडला. "अहो, सोळात सहा टायर मिळायला लागले, तर मी कमरेला लावून फिरेन!"

फिटर हसता हसता पान्यावर बसला आणि बोंबलत उठला. मी कोटात घामाने न्हालो. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कोटाकडे.

"डब्यात किती आहेत?"

"चव्वेचाळीस." मग एका दमात सगळं ओकून टाकलं. यंत्र, रंग, कोट, सगळं! "यंत्र परत करता येईल, बाबा. मी आत्ता जातो."

"वर ये," म्हणत बाबा केबिनमध्ये चढले.

मी शेजारी जाऊन बसलो. चाकं नसलेल्या ट्रकचं स्टीअरिंग धरून बाबा समोर बघत राहिले, जणू ट्रक घाट चढतोय. लहानपणी त्याच जागी बसून मी त्यांच्याबरोबर फेरीवर गेलो होतो, तेव्हाचाच डिझेलचा आणि तापलेल्या गादीचा वास तिथे होता. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"हा ट्रक घेतला ना," बाबा म्हणाले, "तेव्हा मीही असाच भाव केला होता. तुझ्या आईच्या बांगड्या मोडून. आधीचा मालक म्हणाला एवढे, मी म्हटलं एवढे, ठरलं. घ्यायला गेलो, तर नुसती केबिन आणि खाली चेसिस. सांगाडा! मागची बॉडी त्याने दुसऱ्याच कोणाला विकली होती. भाव फक्त सांगाड्याचा होता!"

"मग?"

"मग काय! तसाच चालवत घरी आणला. मागे नुसती हवा! आई दारातच उभी. तिला म्हटलं, सगळे ट्रक असेच येतात, बॉडी मागून येते." बाबांच्या मिशा थरथरायला लागल्या. "सहा महिने मी दुसऱ्याचा ट्रक हाकत होतो बॉडीच्या पैशांसाठी, आणि ती बिचारी आपल्या चेसिसवर कपडे वाळत घालत होती!"

आणि बाबा हसले. असे, की ठोकळ्यांवरचा ट्रक हलला आणि फिटर "अहो उतरा, उतरा!" करत धावत आला. आज ना तो ट्रक आहे, ना बाबा. पण ते हसू आठवलं की अजून माझ्या बुडाखालची गादी हलते.

"यंत्र परत जाणार नाही," डोळे पुसत त्यांनी फर्मान काढलं. "पुढे दोन नवे घालू. मागे चार जुन्यावर रबर चढवलेले, चांगले पारखून. साठात बसतं सगळं. आणि हे बघ, आईला यातलं काही कळता कामा नये. जीवाला लावून घेईल. यंत्राला हात लावायची नाही मग."

संध्याकाळी आम्ही घरी आलो. आई यंत्रात कपडे भरत होती. दारात उभा राहून मी वाटेत घोकलेलं सांगून टाकलं, "आई, टायर घातले. पुढे नवे, मागे रबर चढवलेले. म्हणजे पद्धतच आहे तशी! सगळे ट्रकवाले असंच करतात."

आईने शांतपणे यंत्राचं झाकण लावलं.

"हो, हो," ती म्हणाली. "आणि बॉडी मागून येते!"

बाबांनी एक चप्पल काढली होती. दुसरी तशीच पायात ठेवून ते वळले आणि म्हणाले, "मी जरा हवा बघून येतो."