भंगाळे सरांची गुणपत्रिका

दर शनिवारी सकाळी नऊ वाजता भंगाळे सर देशाचा निकाल लावतात. दिल्लीतल्या मंत्र्यांपासून आमच्या वॉर्डातल्या पार्षदापर्यंत, म्हणजे नगरसेवकापर्यंत, आठवडाभरात ज्याने ज्याने तोंड उघडलं त्या प्रत्येकाला दहापैकी नंबर मिळतात. एकदा अर्थसंकल्पाच्या भाषणाला सव्वातीन मिळाले होते. हा पाव नंबर कशाचा, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मध्येच पाणी प्यायले, पण विषय सुटू दिला नाही. त्याचा."

सर आमचे घरमालक. ते खाली राहतात, आम्ही वर. बुऱ्हाणपुरातल्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर महिन्याभरात एक नवा लॅपटॉप खोक्यासकट माझ्यापुढे आणून ठेवला. "विलास, तू खकनारच्या तहसीलीत दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस. मला एक फळा काढून दे. कुणी पुसू शकणार नाही असा." मी त्यांना ब्लॉग काढून दिला. नाव त्यांनीच ठेवलं, 'गुणपत्रिका'. तेव्हापासून तो वाचणं मला चुकलेलं नाही. भाडेकरू माणूस नाही तरी कुठे जाणार?

त्यांची तपासायची पद्धत मात्र शिस्तीची. आधी समास आखलेल्या वहीत, प्रत्येक नेत्याला एक पान. मग लाल पेन. मग एका बोटाने टायपिंग, हे चालू असताना हाक मारायची नाही. नेत्याने आश्वासन दिलं की सर पहिला प्रश्न विचारतात, "पायऱ्या कुठायत?" रस्ता करू म्हणालास, ठीक, पण आधी काय करशील, मग काय करशील, हे मांडलं नसेल तर उत्तराला शून्य. उलट पायऱ्या बरोबर असल्या आणि रस्ता झालाच नाही, तरी दोन-अडीच नंबर मिळतात. पक्ष बदलला की खाडाखोड म्हणून अर्धा नंबर कापायचा. आमच्याकडच्या एका पुढाऱ्याने इतकी खाडाखोड केली की त्याचं खातं उणे दीडवर जाऊन थांबलं. त्याला याचा पत्ताही नाही. तो आपला मजेत आहे.

कारण वाचतो कोण? ब्लॉग किती जणांनी उघडला, ते मीच त्यांना बघून देतो, म्हणून सांगतो. सर स्वतः, मी, आणि अधूनमधून चुकून आलेले लोक. ज्याला नंबर मान्य नसतील त्याने फेरतपासणीसाठी अर्ज करावा, अशी सूचना प्रत्येक लेखाखाली असते. आजवर एकच अर्ज आला, तो केस वाढवायच्या तेलाच्या जाहिरातीचा होता. सरांनी त्याला चार परिच्छेदांचं सविस्तर उत्तर दिलं. पुढे आठ दिवस ते मला विचारत होते, "त्या गृहस्थांचं काही आलं का?" मी नाही म्हणायचो. जाहिरात आहे हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

इतपत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण या नंबरांपायी सरांनी आपला सख्खा भाऊ गमावला.

सुपडूदादा हे सरांचे थोरले भाऊ. शाहपूरच्या पुढे त्यांचं गाव आहे, केळीची शेती आहे. वडील लवकर गेले, तेव्हा दादा चौथीत होते. त्यांनी पाटी ठेवली, फावडं घेतलं, आणि धाकट्याला शिकायला बुऱ्हाणपुरात पाठवलं. दर शनिवारी सायकलवर डबा घेऊन यायचे. हे मला सरांनीच सांगितलंय, एकदा नाही, पन्नासदा. सांगताना ते खिडकीबाहेर बघतात.

तर हे दादा गावच्या सरपंचपदाला उभे राहिले. सरांनी गावातल्या तिन्ही उमेदवारांची गुणपत्रिका काढली. मी म्हटलं, सर, हे एक सोडा. ते म्हणाले, "भावना वेगळी, नंबर वेगळे." सुरुवातीलाच ठळक अक्षरांत लिहिलं, सदर उमेदवार माझे वडील बंधू असल्याने त्यांचा पेपर दोनदा तपासला आहे. आणि दादांना दिले साडेचार. समोरच्याला पाच.

आजवर ज्या ब्लॉगकडे कुत्रं फिरकलं नव्हतं, तो ब्लॉग त्या एका शनिवारी समोरच्या उमेदवाराच्या भाच्याने पाहिला. दुसऱ्या दिवशी गावात घरोघर कागद पोचला, 'सख्खा भाऊ म्हणतो, साडेचार.' दादा पडले. फार मतांनी नाही, म्हणून जास्त लागलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून सरांना काढून टाकलं, पोळ्याला गावाकडून येणारं बोलावणं थांबलं, आणि दादांनी बोलणं टाकलं. त्याला आता सहा वर्षं होतील.

मी एकदा रागाने विचारलं होतं, "अर्धा नंबर जास्त दिला असता तर काय बिघडलं असतं?" सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "पहिल्या तपासणीत पाचच आले होते रे. अर्धा मी कापला. म्हटलं, हा प्रेमापोटी गेला असेल." मी वर निघून गेलो.

तेव्हापासून या माणसाला एकच हवंय, दादाने एकदा हाक मारावी. तसं ते बोलत नाहीत. पण मला दिसतं. पार्षदाचा एक माणूस एकदा शनवाऱ्याच्या चौकात भेटला आणि म्हणाला, "सर, हिंदी में डाल दो ना यार. भैया को समझ में ही नहीं आता कि आप तारीफ कर रहे हो या उतार रहे हो." म्हणणं खरं होतं. इथलं राजकारण सगळं हिंदीत चालतं. नगर निगमात, म्हणजे पालिकेत, मराठी वाचणारा सापडणं कठीण, आणि राज्याच्या सीमेपलीकडे रावेर-जळगावच्या लोकांना आमच्या नाल्यांशी काय करायचंय? हिंदीत लिहिलं असतं तर सरांना चार वाचक तरी मिळाले असते, एखादी शिवीसुद्धा मिळाली असती. मीही मागे लागलो. सर म्हणाले, "नको. हिंदीत लिहिलं तर एक माणूस तुटेल."

कोण, ते सांगितलं नाही. पण मला ब्लॉगची अक्षरं त्यांनी इतकी मोठी करायला लावली होती की मोबाईलवर तीन ओळींत पडदा भरतो. दादांची शाळा चौथीपर्यंतची, तीही मराठी. चष्मा लावायचा त्यांना कंटाळा. ओळीखाली बोट ठेवून ते वाचतात. देशाच्या कारभाराचं ते सगळं मूल्यमापन, त्या खाडाखोडी आणि त्या पायऱ्या, एका केळीवाल्या म्हाताऱ्याने कधीतरी नातीच्या मोबाईलवर बघाव्यात म्हणून चालल्या होत्या. दादा वाचत होते की नाही, देव जाणे.

या मेमध्ये त्या नातीचं, पल्लवीचं, लग्न निघालं. सरांना ते शाहपूरच्या बसच्या कंडक्टरकडून कळलं. कंडक्टर त्यांचा विद्यार्थी. आल्या आल्या मला म्हणाले, "मुलगा रावेरचा आहे म्हणे. पल्लवीला पाढे मी शिकवले आहेत, तीसपर्यंत." आणि दुसऱ्या दिवसापासून ते घराबाहेर पडेनात. वाचनालय बंद, नदीकाठी राजघाटावरचं फिरणं बंद. न्हाव्याला घरी बोलावून केस कापून घेतले. दार सताड उघडं. फाटक वाजलं की लिहिता लिहिता उठायचे. कधी गॅसवाला असायचा, कधी आमच्याकडचं कुणी. मग पुन्हा बसायचे. आमच्याकडे रीतच आहे, किती का वाकडं असेना, लग्नाच्या बोलावण्याला घरचा माणूस अक्षता घेऊन दारात येतो, आणि आला की मागचं सगळं मिटतं. सर त्या माणसाची वाट बघत होते.

माझ्याकडे पत्रिका मात्र आली. पल्लवीचे मामा आमच्याच ऑफिसात आहेत. त्यांनी पाकीट हातात दिलं, म्हणाले, "शुक्रवारी सगळ्यांना घेऊन या हं." मी घरी आलो, पाहिलं तर सर पायरीवर बसलेले. माझं मन झालं नाही. यांना बोलावणं नाही आणि यांच्या भाडेकरूला आहे, हे मी कोणत्या तोंडाने दाखवणार होतो? मी पाकीट न उघडताच कपाटात, माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, साड्यांखाली सरकवलं. सुनंदाला सांगितलं, आपणही जायचं नाही. सरांसाठी मी फार मोठं काहीतरी करतोय, असं मला वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी मी साडेनऊला ऑफिसला निघालो तेव्हा सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पायांत चपला घालून लॅपटॉपसमोर बसले होते. घरात चपला घालून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी परत आलो तेव्हाही तसेच. शर्टाची घडी मोडली नव्हती. त्या दिवशी शुक्रवार असूनही ब्लॉगवर लेख आला, पाण्याच्या पाइपलाइनवर, आजवरचा सगळ्यात लांब. मी तो शेवटपर्यंत वाचला. कुणालाच नंबर दिलेले नव्हते.

सोमवारी सुनंदा कपाट आवरत होती. पाकीट तिने उघडलं आणि मला हाक मारली. "अहो, हे बघितलं का तुम्ही?"

पत्रिकेच्या तळाशी 'आपले विनीत' म्हणून घरच्यांची नावं होती. पहिलं श्री. सुपडू भंगाळे. त्याच्या खाली, मुलांच्याही वर, श्री. मुरलीधर भंगाळे (गुरुजी), म्हणजे आमचे सर.

बोलावणं येणार कुठून? विनीतांना कधी कुणी अक्षता द्यायला येतं का? ज्याचं नाव खाली छापलंय त्याने लोकांना बोलवायचं असतं. दादांनी तोंडाने एक शब्द न बोलता भावाला घरात घेतलं होतं आणि छापून सगळ्या तालुक्यात वाटलं होतं. ती पत्रिका सरांच्या इतक्या जवळ आली होती, की मी मध्ये नसतो तर लग्नाआधीच त्यांच्या हातात पडली असती.

मी खाली गेलो, पत्रिका पुढे ठेवली आणि कबूल केलं. सरांनी ती सवयीने वरपासून वाचली. गणपती, कुलदैवत, मुहूर्त. खाली पोचले आणि थांबले. "छापणाऱ्याची चूक असेल," म्हणाले. मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता रागावतील, मी त्याच्याच तयारीने उभा होतो. ते म्हणाले, "तू भल्यासाठीच केलंस रे," आणि चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ झाला तरी पुसत होते.

मी स्कूटर काढली. वाटेत दोन्ही बाजूंनी केळीच केळी. मागे बसलेल्या सरांनी एका हाताने माझा खांदा घट्ट धरला होता.

दादांच्या अंगणात मंडप उतरवणं चाललं होतं. माणसं कापड गुंडाळत होती, खुर्च्यांच्या चळती लागल्या होत्या. दादा बाजेवर बसून होते. आम्ही फाटकातून आत आलो, तसं त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. सर समोर जाऊन उभे राहिले. बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

"पोरीच्या हयदीले लोकं विचारे, मास्तर कुठं हाय," दादा जमिनीकडे बघत म्हणाले. "लग्नात व्याह्यानं विचारलं. पोरीनं जाता जाता विचारलं. म्या काय सांगू?"

"मला बोलावणं नव्हतं दादा," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा मला म्हाताऱ्या माणसाचा वाटला.

दादांनी वर पाहिलं. "घरच्याले कोन बोलावते रे?"

सर तसेच उभे राहिले. मी सांगायला पुढे झालो की चूक माझी आहे, पण सरांनी हाताने मला थांबवलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक त्यांना ती चूक स्वतःकडेच ठेवायची होती.

मंडपवाल्याची गाडी आली. दादा गुडघ्यावर हात ठेवून उठले, दोन पावलं आत गेले आणि मागे न बघता म्हणाले, "मुरल्या, खुर्च्या मोजून दे त्याले. तो कमी सांगते."

सरांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि चळतींकडे गेले. एकेका खुर्चीला हात लावत मोठ्याने मोजू लागले. चौदाच्या पुढे त्यांची मोजणी चुकली. त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. मंडपवाला कंटाळून म्हणाला, "राहू द्या बाबा, घरचेच आहात तुम्ही." सर तिसऱ्यांदा एकवर आले, आणि मी स्कूटर वळवून एकटाच घरी आलो.