डुकराची घंटा

रविवारी संध्याकाळी एवारिस्तो डोंगरातली पायपीट संपवून घरी आला, तेव्हा त्याच्या हातात डुकराची घंटा होती आणि डुक्कर नव्हतं.

कासिल्दा शेगडीवर पावाचा चुरा लसणात परतत होती. तिने घंटेकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीमागे दाराकडे पाहिलं, मग पुन्हा घंटेकडे.

"बाकीचं डुक्कर कुठंय?" तिने विचारलं.

"ओकच्या रानात. सकाळी आमच्या मागं मागं आलं. हाकललं तरी जाईना. झाडांखाली फळांचा सडा पडलाय, तिथं चरत बसलं. येताना पाहतो तर पट्टा तुटलेला आणि घंटा काटेरी कुंपणाला लटकलेली."

"बरोबरच्या मंडळींना कळलं?"

"नाही. मी सगळ्यांत मागं होतो. सांगितलं की ते पुढं पळालं."

वाल्देरोब्लो गावात ही काही किरकोळ गोष्ट नव्हती. उन्हाळ्यात पाद्री एका पिल्लाला आशीर्वाद देतात, गळ्यात घंटा बांधतात आणि गावात मोकळं सोडतात. ते सान आंतोन या संताचं डुक्कर. कुणाचंच नसतं, म्हणून सगळ्यांचं असतं. दिवेलागणीला ते गल्लीबोळांतून फिरतं, घंटा ऐकली की दारादारांतून ताटं पुढे येतात, आणि झोप आली की ते दिसेल त्या पायरीवर अंग टाकतं. जानेवारीत संताच्या दिवशी त्याची सोडत निघते आणि देवळाचं छप्पर आणखी एक वर्ष टिकतं. दरवर्षी गाव एक मानकरी नेमतं. मानकऱ्याने सोडतीला डुक्कर हजर करायचं, एवढंच. ते जिवंत असावं अशी अपेक्षा असते, पण तसा नियम नाही.

यंदाचा मानकरी एवारिस्तो होता. जन्मभर गावात टपाल वाटून तो निवृत्त झाला होता आणि आता दर रविवारी गावातल्या पायी फिरणाऱ्या मंडळाचं पुढारपण करत होता.

वाल्देरोब्लोत आडनावं असतात ती सरकारी कामापुरती. रोजच्या व्यवहारात टोपणनाव चालतं, आणि ते एकदा चिकटलं की नातवंडांपर्यंत उतरतं. कासिल्दाचे आजोबा मानकरी असताना डुक्कर विहिरीत पडलं होतं. ते ओलंचिंब का होईना, जिवंत निघालं आणि सोडतही झाली. पण ते घर कायमचं 'विहिरे' झालं. कासिल्दाने साठी ओलांडली तरी बाजारात ती अजून विहिऱ्यांची कासिल्दाच होती. लग्नानेही त्यात फरक पडला नव्हता, कारण एवारिस्तोच्या घराण्याने नाव पडण्यासारखं आजवर काहीच केलं नव्हतं.

"आजोबांनी विहिरीत तरी पाडलं होतं," ती म्हणाली. "कुठं आहे ते माहीत होतं."

"हळू बोल."

"आता आपली पोरं 'हरवे' होणार. थोरला तिकडं माद्रिदला साहेब झालाय. साहेब हरवे."

एवारिस्तोने टॉर्च उचलला आणि घंटा तशीच हातात घेऊन तो पुन्हा रानाकडे निघाला. बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरचं घर केवळ सवयीने दिसत होतं. पाऊल पडेल तशी घंटा वाजत होती. फुटक्या पातेल्यावर डाव मारावा तसा तिचा आवाज. गावात तो न ओळखणारा माणूस नव्हता.

नोटरीची विधवा प्रुदेन्सियाबाई हिचं दार उघडलं. "आलास का रे बाळा," ती बाहेर न बघताच म्हणाली. तिने पायरीवर मसुराच्या कालवणाचं ताट ठेवलं आणि थंडी आत शिरायच्या आधी दार लोटून घेतलं. "सावकाश खा," आतून आवाज आला.

एवारिस्तो ताटाकडे बघत उभा राहिला. ते तसंच राहिलं तर उद्या सकाळी गावभर चौकशी होणार होती. त्याने टोपी काढली आणि ताट टोपीत रिकामं केलं. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं.

तो घरी परतला तेव्हा कासिल्दा दारातच उभी होती.

"सापडलं का?"

"नाही," एवारिस्तो म्हणाला. "पण जेवलं."

त्यानंतर रोज सकाळी तो रान तुडवू लागला आणि रोज दिवेलागणीला, धुक्याच्या आडोशाने, कोटाखाली डबा बांधून घंटा वाजवू लागला. डब्यातलं सगळं कासिल्दाच्या कोंबड्यांच्या पुढ्यात जाई. कोंबड्यांनी आठवडाभरात अंग धरलं.

अडचण आली ती एवारिस्तोच्या कामसूपणामुळे. जन्मभर टपाल वाटलेला माणूस; एकही दार चुकवणं त्याच्या हातून होईना. तीच वाट, तीच वेळ, तोच क्रम. गावाच्या ते लक्षात आलं.

"यंदाचं डुक्कर भलतंच वक्तशीर आहे," मंडळातला लेआंद्रो औषधांच्या दुकानात त्याला म्हणाला. "आपलं टपाल कधी असं आलं नाही."

"तेव्हा चढण होती," एवारिस्तो म्हणाला.

"चढण अजून आहे की."

दारात घाण नाही, ताटात शीत नाही, कुणाच्या कुंड्या उकरलेल्या नाहीत. शनिवारी तर हद्द झाली. विचारांच्या तंद्रीत एवारिस्तोने रिकामं ताट पायरीवर न ठेवता प्रुदेन्सियाबाईच्या खिडकीत ठेवलं. ती तडक फादर निकानोर यांच्याकडे गेली.

"फादर, ताट खिडकीत ठेवलं त्यानं. पालथं."

"उडी मारून?"

"ते मी विचारलं नाही."

 फादरनी मानकऱ्याला बोलावणं धाडलं. सोमवारी सकाळी डुक्कर देवळात आणायचं. असला प्राणी त्यांना जवळून पाहायचा होता.

म्हणजे हातात राहिला तो फक्त रविवार. एवारिस्तोने मंडळाची ठरलेली वाट बदलली आणि सगळ्यांना ओकच्या रानातून पेन्यासेका गावाकडे काढलं. घंटा त्याने बरोबर घेतली, न जाणो डुक्कर दिसलंच तर. ती वाजू नये म्हणून लोकरी मोज्यात कोंबून शिदोरीच्या पावाबरोबर पिशवीत टाकली होती. पाठीवरची ती पिशवी या खेपेला बरोबर आलेल्या कासिल्दाकडे देऊन तो प्रत्येक झाडाच्या मागे डोकावत चालला.

"एवारिस्तो," लेआंद्रो काळजीने म्हणाला, "दर झाडामागं जातोयस. डॉक्टरला दाखवलंस का?"

पेन्यासेका आणि वाल्देरोब्लो यांचं फार जुनं वाकडं आहे. पेन्यासेकाच्या किल्ल्याचा दीड बुरूज उभा आहे आणि वाल्देरोब्लोच्या किल्ल्याचा एकच, हे त्यामागचं कारण. मंडळी धापा टाकत चौकात पोचली तर कारंज्यापाशी, लाल फीत आणि खणखणीत नवी घंटा बांधलेलं डुक्कर आरामात उभं होतं. त्याचा डावा कान फाटलेला होता. तो कान ऑगस्टमध्ये प्रुदेन्सियाबाईच्याच कुत्र्याने फाडला होता.

एवारिस्तो खाली बसला.

"हेच का यांचं?" लेआंद्रो म्हणाला. "आपल्यासमोर उभं राहायची लायकी नाही याची."

"तोंडावरचा हावरटपणा बघा," प्रुदेन्सियाबाई म्हणाली. "कुठं आपलं आणि कुठं हे." डुकराने येऊन तिच्या झग्याला नाक घासलं. "हट. ओळख ना पाळख."

पेन्यासेकाचा मानकरी, बेलार्मिनो न्हावी, दुकानाच्या दारातून हे पाहत होता. एवारिस्तोची नजर कानावर खिळलेली त्याने हेरली आणि हात धरून त्याला कमानीखाली नेलं.

"तुमचंच आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "गेल्या रविवारी रानातून चालत आलं. गळ्यात काही नव्हतं. म्हटलं, संतानंच पाठवलं."

"संतानं तुम्हाला एक दिलं होतं की."

"ते नोव्हेंबरातच गेलं. अजीर्ण झालं."

"नोव्हेंबरात? मग इतके दिवस गावाला काय दाखवलंत?"

बेलार्मिनोने मागेपुढे पाहिलं. "दाखवलं नाही. ऐकवलं."



"ताटांचं काय करता?" एवारिस्तोने विचारलं.

"कोंबड्यांना घालतो."

"मसूर फार असतात, नाही?"

"रोज मसूर," बेलार्मिनो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "सोडतीपर्यंत असू द्या हो माझ्याकडं."

"उद्या फादर बघणार आहेत."

यावर दोघांनाही तोड सुचेना. ती डुकराने काढली. मंडळी परत निघाली, तसं तेही निघालं.

दगडी क्रुसापाशी लेआंद्रोने मागे वळून पाहिलं. "अरे, हे आपल्या मागं येतंय."

"हाकला त्याला," प्रुदेन्सियाबाई म्हणाली. "उद्या पेन्यासेकावाले आपल्याला डुक्करचोर म्हणतील."

मंडळींनी ओकची फळं फेकून मारायला सुरुवात केली. डुक्कर थांबून ती खाई आणि फेकणाऱ्याकडे आणखीच प्रेमाने पाही. शेवटी लेआंद्रोने चालायची काठी उगारली. एवारिस्तो पेचात पडला. 'आपलंच आहे' म्हणावं, तर रोज संध्याकाळी दारात येतं ते कोण? पाठीमागच्या उंचवट्यावर दोरी घेऊन आलेला बेलार्मिनो दिसत होता. मार चुकवत डुकराने तोंड फिरवलं आणि ते खाली मान घालून त्याच्याकडे चालू लागलं.

तेव्हा घंटा वाजली.

एकदा वाजली असती तर वाऱ्यावर ढकलता आली असती. ती चांगली चार-पाच वेळा वाजली, फुटक्या पातेल्यावर डाव मारल्यासारखी. सगळ्यांनी कासिल्दाकडे पाहिलं. तिच्या एका हातात पिशवी होती. दुसऱ्या हातात रिकामा मोजा होता.

डुकराने कान टवकारले. ते गर्रकन वळलं, मंडळींना बाजूला सारत आलं आणि त्याने पिशवीत तोंड खुपसलं.

पिशवीतून मचमच खाण्याचा आवाज येऊ लागला. प्रुदेन्सियाबाईने घंटेकडे पाहिलं, फाटक्या कानाकडे पाहिलं, मग एवारिस्तोकडे.

"मग माझे मसूर कुणी खाल्ले?"

"कोंबड्यांनी."

"आणि ताट?"

"ते मी ठेवलं. चुकून."

"पालथं?"

"निथळावं म्हणून."

लेआंद्रो दगडावर बसला. "वक्तशीर," एवढंच त्याला बोलता आलं, पुढे त्याचे खांदेच हलत राहिले.

"घासून ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं," प्रुदेन्सियाबाई म्हणाली.

एवारिस्तोने डुकराच्या गळ्यातली नवी घंटा सोडली आणि उंचवट्यावर जाऊन बेलार्मिनोच्या हातात दिली. "वाट चुकलेलं डुक्कर यांनी आठवडाभर सांभाळलं," तो मंडळींना ऐकू जाईल असं म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने सांगितलं, "पाय जरा ओढत चाला. आणि ताटं पायरीवरच ठेवा."

पेन्यासेकात त्या संध्याकाळीही घंटा वेळेवर वाजली म्हणतात.

मंडळी वाल्देरोब्लोत पोचायच्या आधीच नवं नाव पोचलं होतं. लेआंद्रोकडे फोन होता. वेशीवरच्या बाकावरून हाक आली, "या घंटेवाले." एवारिस्तो खालमानेने घरी गेला. सोमवारी फादरनी डुकराला आशीर्वाद दिला, पण त्यांचा चेहरा जरा उतरलेला होता.

"पिशवी इतकी कशी हलली गं?" मंगळवारी सकाळी एवारिस्तोने विचारलं. "मोज्यात होती ना घंटा?"

"पाव संपलाय," कासिल्दा म्हणाली आणि बाहेर पडली.

पाववाल्याच्या दुकानात, जिथं ती जन्मभर विहिऱ्यांची कासिल्दा होती, गर्दी होती. ठेवणीतला कोट घातलेली कासिल्दा आत शिरली तशी पाववाल्याने मान वर केली आणि सगळ्यांना हसू फुटेल अशा बेताने विचारलं, "बोला घंटेवाल्या बाई, किती देऊ?"

कासिल्दाने हातातली पिशवी खाली ठेवली.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा."